पायरीवरून केलेला पंचनामा

पोलीस खात्यातली माझी नोकरी कोल्हापूर संस्थानच्या अमलात सुरू झाली आणि मुंबई राज्याच्या अमलात संपली. गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे मुदतीआधीच घरी बसलो. मधल्या काळात खून पाहिले, दरोडे पाहिले, पाण्याच्या पाळीवरून फुटलेली डोकी पाहिली. त्यांतले बरेचसे आता आठवायला बसावे लागते. ही एक घटना मात्र न बोलावता समोर येऊन उभी राहते. तशी ती मोठी नव्हे. एका कापडाच्या दुकानात एक म्हातारी पडली आणि तिचा खुबा मोडला, एवढेच. पण वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली ती याच प्रकरणात, आणि ज्या कामाची मला लाज वाटते तेही याच प्रकरणातले. पहिली गोष्ट मी पुष्कळांना सांगितली. दुसरी आज सांगतो. नाव कुणाचेही घेणार नाही.

विलीनीकरणाला फार दिवस झाले नव्हते. मी शहरातल्या एका ठाण्यावर फौजदार होतो. कापडावर तेव्हा नियंत्रण होते. गिरणीचे धोतर आणि मांजरपाट कार्डावर मिळे, हातमागाची लुगडी तेवढी मोकळी विकली जात. महाद्वार रस्त्याला लागून एक बोळ आहे, तिथे हे दुकान होते. तीन पिढ्यांचे. बाहेर दगडी पायऱ्या, आणि पायरी चढली की भिंतीपासून भिंतीपर्यंत पांढऱ्याशुभ्र चादरीची गादी. गिऱ्हाइकाने चपला पायरीखाली काढायच्या आणि गादीवर बसायचे. समोरच्या कोनाड्यात लक्ष्मीची तसबीर.

आम्हां पोलिसांची या दुकानात एक ठरलेली जागा होती, ती म्हणजे पायरी. त्या काळी गणवेशात बूट आणि वर पोटरीपर्यंत गुंडाळलेल्या पट्ट्या असत. त्या सोडायच्या आणि पुन्हा बांधायच्या म्हणजे बराच खटाटोप. बुटासकट गादीवर जाणे तर कुणाच्या मनातही येत नसे, लक्ष्मीची जागा ती. त्यामुळे गस्तीवर असताना शेठजी हाक मारायचे, चहा पायरीवर यायचा, आणि आम्ही उभ्याउभ्या पिऊन पुढे जायचो. मीही कैक वेळा प्यालो आहे. शेठजी गोड बोलणारे होते, पेठेतल्या शांतता कमिटीवर होते, ठाण्याच्या गणपतीला पहिला हार त्यांचा असे.

एके दिवशी संध्याकाळी शेठजी स्वतः ठाण्यावर आले. घामाघूम झालेले.

"साहेब, एक वाईट झालं. आमच्या पायरीवर एक म्हातारी घसरून पडली. लागलंय बरंच. टांग्यात घालून थोरल्या दवाखान्यात पाठवली. तुमच्या कानावर असावं म्हणून आलो."

"एकटीच होती?"

"सून होती बरोबर." शेठजींनी आवाज खाली आणला. "दोघींची बोलाचाली चालली होती. काय झालं ते आम्ही कुणी बघितलं नाही. दिवेलागणीची वेळ, सगळे हात जोडून उभे. आपण कशाला कुणावर आळ घ्यायचा?"

ठाणे अंमलदाराने डायरीत नोंद केली: दुकानाच्या पायरीवरून पडून जखमी. ज्याने आधी येऊन सांगितले त्याचे आधी लिहिले गेले. पोलीस ठाण्यात पहिली नोंद ही पायाच्या दगडासारखी असते. पुढची भिंत तिच्यावर चढते, आणि पाया वाकडा आहे असे कुणी म्हटले तर भिंतीकडे बोट दाखवतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात जाऊन जबाब घेतले. म्हातारी मंगळवार पेठेतली. एक मुलगा पलटणीत, दूर कुठे तरी उत्तरेत. धाकटा घरीच, तिच्या खाटेशेजारी उभा. सून, म्हणजे पलटणीतल्या मुलाची बायको, बाहेर व्हरांड्यात बसलेली, वीस-बावीस वर्षांची, माहेर कुरुंदवाडचे. तिने एका दमात सांगितले, "साहेब, आत्या खड्ड्यात पडल्या. दुकानातच. गादीच्या कडंला खड्डा हुता. दिवा लावला म्हनून आमी उठलो, हात जोडलं, डोळं मिटलं. धप्प आवाज आला म्हनून बघतो तर आत्या शेजारी न्हाईत. खाली खड्ड्यातनं वरडत्यात. त्या लोकांनी वर काढून मोकळ्या हवेत नेतो म्हनून पायरीवर निजवलं."

सासूला आत्या म्हणण्याची आमच्याकडे रीत आहे. म्हातारीला मी सुनेच्या देखत विचारले नाही, सुनेला बाहेर ठेवून विचारले. ती वेदनेने अर्धी गुंगीत होती.

"कशानं पडलो तेच कळंना बघा. डोळं मिटलेलं. मागनं कुनी तरी वढल्यागत झालं. मग काय बी न्हाई."

मी लिहून घेतले: कोणीतरी ओढल्यासारखे वाटले. खाटेशेजारच्या धाकट्या मुलाने ते ऐकले आणि बाहेर व्हरांड्याकडे पाहिले. ती नजर मी पाहिली होती. मला ती तेव्हा उपयोगाची वाटली.

तिथून पंचनाम्याला गेलो. पंच म्हणून बोळातलेच दोन दुकानदार बोलावले. मी पायरीवर उभा राहिलो, बरोबरचा हवालदार एक पायरी खाली. शेठजी आत गादीवर.

"खड्डा कुठे आहे?" मी विचारले.

"खड्डा?" शेठजी हसले. "साहेब, गादीच्या दुकानात खड्डा असता तर रोज एक गिऱ्हाईक गिळलं असतं की. या, बघा."

"या" म्हणताना त्यांनी हात पुढे केला, पण डोळे माझ्या बुटांवर होते. मी मान आत घालून पाहिले. भिंतीपासून भिंतीपर्यंत पांढरी चादर, सुरकुती नाही. पंचांनीही मान आत घालून पाहिले आणि डोलावली. त्या बोळातल्या जवळजवळ प्रत्येक दुकानाला तळघर आहे आणि या दोघांच्या दुकानांनाही होते, हे मला पुढे कळले. त्यांना कुणी विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही. पायरीवर उभ्यानेच पंचनामा लिहिला. चहा आला. आम्ही तो घेतला.

प्रसंगाच्या वेळी दुकानात असलेली दोन गिऱ्हाइके शोधून काढली. दोघांचे म्हणणे एकच: डोळे मिटलेले होते, ओरडणे ऐकले, मग एकच गर्दी, मग बाई पायरीवर निजवलेली दिसली. यातला शब्दही खोटा नव्हता. साक्षीदार खोटे बोलतो तेव्हा तपास सोपा असतो, कुठे तरी गाठ सापडते. सगळेच खरे बोलत असतील आणि सगळ्यांचेच डोळे मिटलेले असतील तर काय करायचे हे आम्हांला शिकवले नव्हते. ही दोघे कार्डाशिवाय धोतर न्यायला आली होती आणि म्हणून गर्दीत मान वळवून पाहण्यापेक्षा लवकर बाहेर पडण्याची त्यांना घाई होती, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

माझ्यापुढे आता असे चित्र होते: दुकानात खड्डा नाही. सून म्हणते खड्डा होता. म्हणजे सून खोटे बोलते. सून खोटे का बोलते? म्हातारी म्हणते कुणी तरी ओढले. शेठजी म्हणतात दोघींची बोलाचाली चालली होती. तर्क किती सरळ होता पाहा. सरळ तर्काची मला तेव्हा फार आवड होती.

मी सुनेला ठाण्यावर बोलावले.

ठाण्याच्या पुढच्या पडवीत, रस्त्यावरून दिसेल असे एक लाकडी बाक होते. चोर, भांडखोर, दारू पिऊन सापडलेले, सगळे त्याच्यावर बसत. सकाळी ती आली. मी इतर कामात होतो. "बसव तिला," म्हणालो. दुपार उलटून गेली तरी ती बसून होती. हे मी मुद्दाम केले. थांबवून ठेवले की माणूस नरम पडतो, असा आमचा अनुभव होता. तिच्या गल्लीतली माणसे बाजाराला त्याच रस्त्याने जातात याचा विचार मी केला नाही असे लिहिले तर ते खोटे होईल. केला होता. त्यानेही माणूस नरम पडतो.

शेवटी आत घेतली.

"सासूशी भांडण झालं होतं?"

"भांडान कसलं? त्या म्हनत हुत्या हिरवं घे, मी म्हनत हुतो अंजिरी घ्या, मळ दिसत न्हाई."

"लुगडं कुणाला घ्यायचं होतं?"

"मला. त्याच घेऊन आल्यात्या मला."

"मोठमोठ्याने बोलत होता म्हणे."

"साहेब, आमी घरात मीठ मागतो ते बी असंच मागतो."

हवालदार हसला. मी हसलो नाही. मी याच गावचा. आमच्याकडे मायेने केलेली चौकशीसुद्धा परक्याला मारामारी वाटते, हे मला चांगले ठाऊक होते. पण त्या वेळी मी गावकरी नव्हतो, फौजदार होतो.

"तू सासूला धक्का दिलास का?"

ती म्हणाली, "खड्डा हुता." मी दहा प्रकारे विचारले. तिचे उत्तर तेच. संध्याकाळी तिला सोडून दिले. अटक केली नाही, गुन्हा तिच्यावर नोंदवला नाही. कागदावर तिला काहीही झाले नाही.

काही दिवसांत कळले की दिराने तिला माहेरी पोचवली. पलटणीतल्या भावालाही त्याने कळवले. गल्लीत एकच वाक्य फिरत होते: सासूला ढकलली, पोलिसांनी दिवसभर बसवून ठेवली. दोन्ही गोष्टींमधला 'म्हणून' ऐकणाऱ्याने आपला आपण घालायचा. मी कागद बाजूला ठेवले. अपघात म्हणून मिटेल, असे धरून चाललो.

मग ती पुन्हा आली. कुरुंदवाडहून सकाळच्या मोटारीने, एकटी. बाकावर बसली नाही. सरळ माझ्या टेबलापुढे येऊन उभी राहिली.

"साहेब, तुमी त्या दुकानात आत गेलतासा काय?"

"पंचनामा झालेला आहे."

"झाला असंल. आत गेलतासा काय?"

मी पुढ्यातला कागद सरळ केला.

"पायरीवरनं मला बी गादीच दिसलीती. आत गेल्यावर खड्डा दिसला." मग आवाज जरा उतरला. "माहेरात कुनी काय म्हनत न्हाई. पर आईनं धाकट्या भावाची सोयरीक बोलायला बसताना मला मागल्या खोलीत बसाय सांगितलं. एवढंच सांगाय आलतो."

ती निघून गेली. हवालदार दारात उभा होता. वयाने माझ्यापेक्षा बराच मोठा, संस्थानातला जुना माणूस. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "साहेब, बाजारात एक कुणकुण हाय. त्या दुकानात कार्डाबिगर धोतर मिळतंय म्हनं. पायजे तेवढं. आन् दुकानात तर ठेवाय जागा दिसत न्हाई. मग निघतंय कुठनं? शेठजी बसून विणत्यात व्हय?"

मी कपाळाला हात लावला नाही, पण लावायला हवा होता. कापड कुठे तरी आहे, आणि एक बाई सांगते आहे की जमिनीखाली जागा आहे.

छापा घालण्याआधी खात्री हवी होती. दुकानाचे जुने दिवाणजी, म्हणजे कारकून, यांना बोलावले. डोक्याला टोपी, खांद्यावर उपरणे, साठी उलटलेली. त्यांना बाकावर बसवले नाही, माझ्यासमोर खुर्ची दिली. हे शहाणपण मला सुनेच्या वेळी सुचले नव्हते.

"दिवा लागला तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"देवापुढं. हात जोडून. डोळे मिटलेले."

"त्याआधी?"

"कामात."

"कसल्या?"

"दुकानातल्या." दुसऱ्यांदा विचारले, तिसऱ्यांदा विचारले, भिंत. माणूस भित्रा होता पण इमानी होता, आणि इमानी भित्र्या माणसाकडून दमदाटीने काही निघत नाही. मी कागद मिटला आणि चहा मागवला.

"दिवाणजी, एक सांगा. दिवा लावताना दुकानात रीत कशी असते हो? आम्ही आपले पायरीवरचे. आतलं आम्हांला काय कळतंय?"

त्यांचा चेहरा जरा सैल झाला. माणसाला चुकीबद्दल विचारले की तो मिटतो, रीतीबद्दल विचारले की उलगडतो.

"थोरल्या शेठजींपासनं रीत आहे. विजेचे दिवे आले तरी समईशिवाय वीज लावत नाही. घंटा झाली की हातातलं काम तिथं ठेवायचं. कात्री चालायची नाही, गज चालायचा नाही. गिऱ्हाईक असलं तरी उठून उभं राहतं. आवाज कसलाही करायचा नाही."

"आणि एखादा माळ्यावर असला तर?"

"खाली उतरायचं. लक्ष्मीच्या वर उभं राहू नये. आणि खाली असला तर वर यायचं. दिवा लागताना माणसानं जमिनीच्या पोटात असू नये. अपशकून..."

त्यांनी कप बशीत ठेवला.

"खाली म्हणजे कुठे, दिवाणजी?"

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मी खाली होतो. घंटा ऐकली आणि घाईनं वर आलो. वरची गादी बाजूला सारलेली, फळी तशीच उघडी राहिली. जड फळी, लावली की आदळते. दिव्याच्या वेळी आवाज नको म्हणून मनात म्हटलं, नमस्कार झाल्यावर लावू. ती बाई दिव्याकडं पाय नकोत म्हणून उठली, मागं कडेला सरली. मी डोळे मिटून होतो, साहेब. देवाशपथ मी बघितलं नाही. उघडले तेव्हा ती नव्हती."

"ओढल्यासारखं वाटलं" म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळले. पायाखालची जमीन जाते तेव्हा माणसाला कुणी तरी ओढल्यासारखेच वाटते.

दुसऱ्या दिवशी भर बाजाराच्या वेळी दुकानावर गेलो. या वेळी पंच दुसऱ्या पेठेतले. शेठजी उठून पुढे आले. "या साहेब. अरे, चहा सांग."

मी पायरीवर बसलो आणि पट्टी सोडू लागलो. रस्त्यातली माणसे थांबून बघू लागली. फौजदार दुकानाच्या पायरीवर बसून पट्ट्या सोडतो आहे हे दृश्य कोल्हापुरात नवे होते. कुणी तरी मागून म्हणाले, "पावणं, जेवाय बसताय व्हय?" हवालदारानेच त्याला हाकलले. पहिली पट्टी सुटली तेव्हाच शेठजींच्या तोंडावरचा रंग गेला. अजून मी एक अक्षरही विचारले नव्हते.

अनवाणी गादीवर गेलो. कडेची गादी उचलायला सांगितली. खाली लोखंडी कडीची फळी. भोकाच्या चौकटीला पत्र्याची पट्टी ठोकलेली, एका बाजूने उचकटलेली. म्हातारीच्या दोन्ही काखांत खरचटलेले होते हे डॉक्टरांनी मला पहिल्याच दिवशी सांगितले होते. पायरीवरून पडणाऱ्याच्या काखा सोलवटत नाहीत. मी ते ऐकून सोडून दिले होते. शिडी लावून खाली उतरलो. धोतरांचे गठ्ठे भिंतीला लागून छताला टेकलेले.

मग जे व्हायचे ते झाले. पुरवठा खात्याचे लोक आले, जप्ती झाली, वर्तमानपत्रात मजकूर आला. काळ्या बाजारावर तेव्हा लोकांचा राग होता, त्यामुळे माझे नाव झाले. जिल्ह्याच्या साहेबांनी बोलावून शाबासकी दिली. "आत शिरून काढलंत," असे ते म्हणाले. मी सलाम केला.

म्हातारीच्या दुखापतीचा खटला वेगळा चालला, हयगयीने जबर दुखापत म्हणून. धोतरांच्या खटल्यात पोळलेल्या शेठजींनी इथे पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल केला. दंड झाला. कबुली दिली की साक्षी होत नाहीत. कुणी उभे राहिले नाही, कुणी काही सांगितले नाही, खड्डा आणि धक्का हे शब्द कोर्टात उच्चारलेच गेले नाहीत. काम संपायला चहा प्यायला लागतो तेवढा वेळ लागला.

कोर्टाच्या आवारात सून उभी होती. सासूला घरी आणले होते. तिने हट्ट धरून सुनेला माहेराहून परत बोलावले होते, हे मी ऐकले होते.

"साहेब, झालं न्हवं?"

"झालं. गुन्हा कबूल केला त्यांनी."

"माझं नाव निघालं काय आत?"

"तुझं कशाला निघेल? तू काय आरोपी होतीस?"

"मग गल्लीला कळायचं कसं?"

"कळेल. हळूहळू कळेल."

"मला ठाण्यात बसवल्यालं हळूहळू कळलं न्हाई."

ती पुढे म्हणाली, "आत्या सगळ्यास्नी सांगत्यात, सुनंनं न्हाई ढकललं. लोक म्हनत्यात, म्हातारी घरची अब्रू झाकतीया. आदी म्हनत हुती कुनी वढलं, आता म्हनती न्हाई. आत्यांचं कुनी ऐकत न्हाई. तुमचं ऐकतील. एक डाव या. गल्लीतल्या तालमीपुढं उभं ऱ्हावा आन् सांगा, हिनं ढकललं न्हाई, आमची चूक झाली. दुसरं काय बी नको मला."

"बघू," मी म्हणालो.

पोलिसाच्या 'बघू'चा अर्थ सगळ्यांना कळतो. तिलाही कळला. तिने पुन्हा विचारले नाही.

मी गेलो नाही. कारणे तेव्हा मला चांगली वाटत होती. फौजदाराने गल्लीत उभे राहून चूक झाली म्हणायचे, तर उद्या ठाण्यावर बोलावल्यावर येईल कोण? शिवाय तिच्यावर गुन्हा नोंदलाच नव्हता, मग मागे काय घ्यायचे? शिवाय शाबासकी नुकतीच मिळाली होती. हे शेवटचे कारण मी स्वतःलाही सांगितले नव्हते. पुढे माझी बदली विजापूरकडे झाली आणि प्रश्न आपोआप मिटला, असे मी समजलो.

निवृत्त होऊन कोल्हापुरात परत आलो, तेव्हा एक दिवस पाय त्या गल्लीकडे वळले. म्हातारी गेली होती. सून घरी होती, नवरा पलटणीतून पेन्शनीत येऊन बाहेर कामाला गेलेला. तिने मला ओळखले. पाट दिला, चहा ठेवला. ठाणे, बाक, काहीही काढले नाही. मीच विचारले, "आता लोक काही म्हणत नाहीत ना?"

"म्हनत्यात की. पर आता थट्टंनं म्हनत्यात." ती चहा गाळत होती. "मी नळावर गेलो की म्हाताऱ्या भिताड धरत्यात आन् हसत्यात. आली ग बया, सांभाळा. नव्या सुना आल्यात्या गल्लीत, त्यास्नी बी ठावं हाय. मी बी हसतो. काय करायचं?" कप माझ्यापुढे सरकवला. "आत्यांस्नी आठ वरसं उचलून न्हेऊन उन्हाला बसवलं. ते सगळ्या गल्लीनं बघितलं. तरी बी तेच."

मी म्हणालो, "मी आठवणी लिहितो आहे. हे लिहिणार आहे."

"लिवा."

"नाव मात्र कुणाचं घालत नाही. तशी पद्धत नाही."

ती पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून बोलली. "नाव न्हाई तर कुनाचं म्हनून वाचतील? तवा चालत आला असतासा तर झालं असतं, साहेब. आता लिवून पोचतंय काय कुठं?"

निरोप घेताना तिने पदर सारखा केला, तो मानाने की कंटाळून हे मला सांगता येणार नाही.

या प्रकरणाने मला काय शिकवले? तपासाच्या दृष्टीने एवढेच, की जिथे घटना घडली तिथे पाय टेकल्याशिवाय पंचनामा लिहू नये. हे मी पुढे माझ्या हाताखालच्या प्रत्येक माणसाला शिकवले. पण ते सोपे शिक्षण. अवघड शिक्षण असे, की पोलीस माणसाला दोन ठिकाणी गुन्हेगार करतो: एक ठाण्याच्या कागदावर आणि एक त्याच्या शेजाऱ्यांच्या मनात. कागदावरचा डाग पुसायला कोर्ट आहे. दुसरा पुसायला तो लावणाऱ्यालाच जावे लागते, आणि आम्ही जात नाही. मी गेलो नाही.

नाव न घालण्याचा नियम मी मोडत नाही. पण मंगळवार पेठेत, जिथे खुबा मोडलेली एक म्हातारी आठ वर्षे दारात उन्हाला बसत होती, त्या गल्लीतल्या लोकांना मी कुणाविषयी लिहितो हे कळेल. त्यांनी हे वाचावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवावे. नळावर हसणाऱ्या बायकांना मुद्दाम. त्या संध्याकाळी ती सून सासूच्या शेजारी हात जोडून, डोळे मिटून उभी होती. तिने ढकलले नाही. दुकानात उघडे तळघर होते. तिला दिवसभर ठाण्यावर बसवले ती तिची नव्हे, आमची चूक होती. आमची म्हणजे माझी. त्या ठाण्यावर तेव्हा फौजदार मी होतो.